केरबा हवालदारांचा मोठा ताळा

केरबा हवालदारांना भित्रा म्हणणारे लोक कॉलनीत बरेच होते. सुरुवातीचे काही महिने त्यांत मीही होते. सहा फूट उंची, पांढऱ्या होत आलेल्या मिशा, फौजेच्या सिग्नलमध्ये, म्हणजे निरोप घेण्या-पाठवण्याच्या पलटणीत, अठरा वर्षं काढलेला माणूस. पण टेलिफोनवर ऐकलेले आकडे कागदावर उतरवायचे म्हटलं की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. लिहून झालं की ते प्रत्येक आकड्यावर बोट ठेवायचे, आधी डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. मग डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे. नव्या माणसाला वाटायचं, देवाचं नाव घेतात. ते सतराचा पाढा म्हणत असायचे.

माझे यजमान मधुकर ओव्हरसिअर होते. १९७४ साली त्यांची बदली शिराळ्याच्या वर डोंगरात एका मातीच्या धरणाच्या कामावर झाली. धरण लहानच, आणि तेही अर्धं. बांध दोन्ही अंगांनी उभा राहिला होता, मधली घळ भरायची होती, आणि नदी त्या घळीतून वाहत होती. पावसाळ्यात काम बंद पडायचं, मजूर आपापल्या गावी जायचे, आणि पत्र्याच्या चाळीत आम्ही पाच-सहा बिऱ्हाडं उरायचो. बांधाच्या खाली मैलभरावर नदीवर फरशी होती, म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल. पलीकडे गाव आणि गावात हायस्कूल. कॉलनीतली शाळा चौथीपर्यंतच असल्यामुळे पाचवीपासूनची मुलं, आसपासच्या वस्त्यांवरची धरून, रोज फरशी ओलांडून जायची. १९७६च्या जूनमध्ये माझी क्षमा पाचवीत गेली.

मी मुळातच धास्तावलेली. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आम्ही साताऱ्यात होतो. क्षमा सव्वा वर्षाची, पाळण्यात निजलेली. कुणी हात न लावता तो पाळणा झोके घेताना मी पाहिला आहे. तेव्हापासून फळीवरचं भांडं वाजलं तरी मी आधी मुलीकडे धावते. आता ती तेरा वर्षांची आहे. हे लिहिता लिहिता मी दोनदा उठून ती अंथरुणात आहे ना, ते बघून आले.

तर ते टेलिफोनचं काम असं होतं. नदीच्या वरच्या अंगाला आठ मैलांवर एक चौकी होती. तिथे जोतीराम नावाचा माणूस नदीत रोवलेल्या पट्टीवर पाण्याची उंची बघायचा, पाऊस मोजायचा, आणि सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला हँडल फिरवून खाली फोन करायचा. सांगायचे आकडे बारा. पहिल्या सहांत तारीख, महिना आणि तास. दुसऱ्या सहांत पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये आणि पाऊस मिलिमीटरमध्ये, तीन-तीन आकडे. उंची साडेतीनशेच्या वर गेली की फरशी बंद करायची, कारण ते पाणी सव्वा तासात फरशीवर पोचायचं. कार्यालय म्हणजे आमच्या खोलीला लागून असलेली पत्र्याची खोली, आणि तिथे फोन घ्यायला केरबा.

आकडे बरोबर उतरलेत का हे पाहायला छापील फॉर्मवर नवाच्या ताळ्याचा रकाना होता. आपण सगळे शाळेत शिकलो तोच ताळा. सहा-सहा आकड्यांची वेगळी बेरीज करत जायची, एक आकडा उरेपर्यंत. वरून सांगितलेला ताळा आणि आपण काढलेला ताळा जुळला की झालं. केरबा तो रकाना भरायचे, पण त्याच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. फॉर्मच्या खालच्या कोऱ्या जागेत ते स्वतःच्या हातानं रेघ मारून लिहायचे, ‘मोठा ताळा’. त्यासाठी त्यांनी जोतीरामलाही सतराच्या पाढ्याला बसवलं होतं. पातळ पत्र्यापलीकडून मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं.

“हवालदार, ह्या सतरानं माझं डोसकं दुखतंय,” जोतीराम तिकडून एवढ्या मोठ्यानं ओरडायचा की रिसीव्हरबाहेर ऐकू यावं.

“दुखू दे,” केरबा म्हणायचे. “डोसकं हाय, ह्याचा पुरावा तरी मिळाला.”

मी सांगलीच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. मला कुतूहल वाटलं. एक दिवस मी त्यांना विचारलं, की हा मोठा ताळा कशाचा?

त्यांनी फॉर्मच्या मागे लिहून दाखवलं : ९९९९८३. नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी.

“सहा आकडी संख्यांतली सगळ्यांत मोठी, जिला कशानंच भाग जात न्हाई,” ते म्हणाले. “दहा लाखाला सतरा कमी. म्हणून भागाकार करायलाच लागत न्हाई, वैनी. पहिल्या सहा आकड्यांस्नी सतरानं गुणायचं, त्यात दुसरे सहा मिळवायचे. बेरीज दहा लाखाच्या वर गेली, की जेवढे दहा लाख तेवढे सतरा खाली मिळवायचे. उरलं ते ताळा.”

मी मनात पडताळून पाहिलं. अगदी बरोबर होतं. दहा लाखांना त्या संख्येनं भागलं तर बाकी सतराच राहणार. कॉलेजात आम्ही जे प्रमेय म्हणून पाठ केलं ते या माणसानं पाढ्यात बसवलं होतं.

“पण हिला कशानंच भाग जात नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुनी न्हाई. मीच बघितलं.”

फौजेतून आल्यावर त्यांनी शिराळ्यातल्या विष्णुपंत नावाच्या निवृत्त शिक्षकांना गाठून विचारलं होतं, की भाग न जाणारी मोठ्यात मोठी सहा आकडी संख्या कोणती. विष्णुपंतांनाही ती ठाऊक नव्हती. त्यांनी हजाराच्या आतल्या सगळ्या अविभाज्य संख्यांची यादी करून दिली, एकशे अडुसष्ट, आणि सांगितलं, वरून एकेक संख्या घे आणि या सगळ्यांनी भागून बघ. हजाराच्या पुढं जायला नको. एक भाग हजाराहून मोठा असला तर त्याचा जोडीदार हजाराहून लहान असणारच, नाहीतर गुणाकार दहा लाखाच्या पार जाईल. केरबा मळ्यातल्या खोपीत बसून भागाकार करत राहिले. नव्याण्णव-नव्याण्णव-नव्याण्णव तीननंच फुटली. पुढची, शेवटी सत्त्याण्णव असलेली, मात्र फुटता फुटेना. आठ दिवस ते तिच्यावर होते. सगळ्यांना वाटलं हीच ती. एकशे चौतिसाव्या भागाकाराला सातशे सत्तावन्ननं तिला बरोबर भाग गेला, आणि केरबा दोन दिवस जेवले नाहीत.

हे मला त्यांच्या बायकोनं, राहीबाईंनी सांगितलं. “कापूस वेचायला मानूस मिळंना, आन् ह्ये खोपीत बसून आकडे सोलत्यात. सवत परवडली आसती, वैनी. सवतीला शिव्या तरी देता आल्या आसत्या.”

शेवटी त्र्याऐंशीवाली टिकली. शेवटचा भाजक नऊशे सत्त्याण्णव, बाकी नऊशे एकोणनव्वद. एकशे अडुसष्ट भागाकार, प्रत्येकाची बाकी वहीत लिहिलेली, आणि अख्खी वही तीनदा केलेली. मी ती वही मागून नेली आणि पन्नासेक भागाकार तपासले. एकही चूक सापडली नाही. वही परत देताना मला ओशाळल्यासारखं झालं.

ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, एकदा चहा घेताना केरबांना सुचवलं होतं, “अहो हवालदार, सतरानं गुणत बसण्यापेक्षा सगळे नऊच घ्या की. नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव. नुसती बेरीज केली की काम भागतं.”

“न्हाई सायेब. तिला लय दारं हायेत. तीनचं, सातचं, अकराचं, तेराचं, सदतीसचं. चूक कुठल्या दारानं आत यील सांगता येत न्हाई. हिला दारच न्हाई.”

हे हसले. मी हसले नाही, कारण मला ते अर्धं पटलं होतं. दारांचा हिशोब त्यांनी मांडला तसा काटेकोर नव्हता, पण मुळात जे होतं ते खरं होतं. शेजारशेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेले, तर खऱ्या आणि खोट्या संख्येतला फरक नेहमी तीन गोष्टींचा गुणाकार असतो : नऊ, त्या दोन आकड्यांतला फरक, आणि एक, दहा, शंभर, हजार अशांतलं काहीतरी. त्यात नऊ असतोच असतो. म्हणून नवाचा ताळा नेमका तिथे आंधळा. बाकी सगळ्या चुका एखाद्या वेळी पकडेल, अदलाबदल कधीच पकडणार नाही. आणि अविभाज्य संख्येचा स्वभाव असा, की ती एखाद्या गुणाकाराला भागत असेल तर त्यातल्या निदान एका तुकड्याला तरी तिनं भागायलाच हवं. हे सगळे तुकडे तर चिल्लर; शंभर-हजार म्हणजेही दहांचाच गुणाकार. तिच्यासारख्या अवाढव्य संख्येनं त्यांना भाग जाणं शक्य नाही. मग अदलाबदल तिच्या नजरेतून सुटणार कशी?

मी त्यांना हे समजावून सांगितलं आणि वर म्हटलं, “पण एवढ्यासाठी अकरासुद्धा पुरेल, हवालदार. अकराही अविभाज्यच. ताळा एका मिनिटात निघेल.”

ते मग म्हणाले, “अदलाबदल सोडून दुसरीच कायतरी चूक झाली तर? अकराच्या हातनं किती सुटतील?”

“साधारण अकरातली एक.”

“आन् हिच्या?”

“दहा लाखातली एक.”

“म्हंजे तरी एक हायच,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला उगाच सांगितलंसं झालं.

भीती कुठून आली होती हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही न विचारता. फौजेत असताना बर्फाच्या मुलखात त्यांच्या पलीकडच्याच गावचा एक शिपाई गस्तीवर अडकला होता. तो कुठे आहे ते सांगणारे सहा आकडे केरबांनी उतरवून पुढे दिले. नवाचा ताळा त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी काढला होता, तो जुळला होता. दोन आकडे उलटे पडले होते. शोधायला गेलेली माणसं शेजारच्या घळीत रात्रभर फिरली. “त्ये लोक लय फिरले,” एवढंच ते म्हणाले.

१९७६चा जुलै. तेवीस तारीख. हे सकाळीच जीप घेऊन सांगलीला मीटिंगला गेले होते. पाऊस आमच्याकडे भुरभुर होता, पण वरचा डोंगर दोन दिवस दिसला नव्हता. वीज पहाटेच गेली होती. केरबांना तीन दिवस हिवताप भरलेला. फोन मी घेत होते. त्यांनीच मला शिकवलं होतं, आणि दोन पावसाळ्यांत मी पुष्कळदा घेतलाही होता. बारा वाजता उंची दोनशे बारा आली. मी मोठा ताळासुद्धा काढला, जुळला.

चारला फोन वाजला. आवाज नेहमीपेक्षा लांबून येत होता, मध्येच तारेत खरखर. जोतीराम घाईत होता. आकडे नेहमीसारखे जोडीजोडीनं सांगत होता.

“तेवीस, शून्य सात, सोळा. बेचाळीस, एकसष्ट, अठरा. नवाचा ताळा एक आन् चार. मोठा ताळा चौतीस, त्र्याऐंशी, अठ्ठावन्न. वैनी, लिवलं का?”

“लिहिलं.”

तो आणखी काहीतरी म्हणाला आणि फोन बंद पडला. हँडल फिरवून पाहिलं. नुसता पोकळ आवाज.

मी आकडे बघितले. उंची दोनशे सेहेचाळीस. बारापेक्षा थोडी वाढलेली, साडेतीनशेच्या पुष्कळ खाली. नवाचा ताळा काढला, एक आणि चार, जुळला. मोठा ताळा काढायचा म्हणजे दोन लाख तीस हजारांना सतरानं गुणायचं. चुलीवर दूध होतं. मी मनात म्हटलं, नंतर काढू. आणि खरं सांगायचं तर माझा जीव भांड्यात पडला होता. दोनशे सेहेचाळीस हीच संख्या मला हवी होती. क्षमा पाचला सुटणार होती, सव्वापाचच्या सुमाराला फरशीवर येणार होती, आणि नदी ठीक होती. मनासारखी संख्या माणूस कशाला तपासेल?

साडेचार वाजून गेले होते, तेव्हा केरबा घोंगडं पांघरून दारात आले. अंग थरथरत होतं. मागून राहीबाईंचा आवाज येत होता, “मरा, मरा आता त्या आकड्यांपायी.”

“आली का चारची?”

“आली. दोनशे सेहेचाळीस.”

“मोठा ताळा?”

“नवाचा जुळला, हवालदार. मोठा काढतेच आता.”

ते टेबलाशी बसले, पेन्सिल घेतली. तापानं हात हलत होता म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरून लिहू लागले. दोन लाख तीस हजार सातशे सोळा गुणिले सतरा. एकोणचाळीस लाख बावीस हजार एकशे बहात्तर. त्यात दोन लाख सेहेचाळीस हजार एकशे अठरा. वरचे चार दहा लाख काढून टाकले, सतरा चोक अडुसष्ट खाली मिळवले. उरलं १६८३५८.

शेजारी माझ्या हातचा, जोतीरामनं सांगितलेला ताळा होता : ३४८३५८.

 मी म्हटलं, “मी ताळाच चुकीचा लिहिला असेन.”

“आसंल,” ते म्हणाले. “फोन लावा.”

“फोन बंद आहे. चारपासून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती तशी नजर मी पुन्हा कुणाच्या डोळ्यांत पाहिलेली नाही, आणि पाहू नये.

“वैनी, तुमी शिकलेल्या हाय,” ते हळूच म्हणाले. “जुळत न्हाई एवढं ही सांगती. कुठं चुकलंय ते ती सांगंल का?”

मी पेन्सिल घेतली. वजाबाकी केली. तीन लाख अठ्ठेचाळीस हजारांतून एक लाख अडुसष्ट हजार. शेपटीचे आकडे सारखेच, तेव्हा फरक बरोबर एक लाख ऐंशी हजार. साफ, गोल. हातून भलतंच काही लिहिलं गेलं असतं तर फरक असा गोल आला नसता. दुसरे सहा आकडे नुसते मिळवलेले, म्हणून त्यांतली चूक ताळ्यात तशीच्या तशी उतरते. मी फरकाला नवानं भागलं. वीस हजार. भाग बरोबर गेला.

वीस हजार म्हणजे दोन गुणिले दहा हजार. अदलाबदल झालेल्या दोन आकड्यांत दोनचा फरक, आणि ते बसलेले दहा हजाराच्या आणि लाखाच्या घरात. त्या घरांत मी दोन आणि चार लिहिले होते.

जोतीराम म्हणाला होता बेचाळीस. ‘बे’ आधी ऐकू आलं आणि माझ्या हातानं दोन आधी लिहिला. चोवीस.

“चारशे सव्वीस,” मी म्हटलं. 

केरबा उठले. घड्याळात पावणेपाच झाले होते. चारला चौकीवर असलेलं पाणी सव्वापाचला फरशीवर येणार होतं. इशाऱ्याचा भोंगा विजेवर चालणारा, आणि वीज नव्हती. चाळीतले दोघे पुरुष मशीन झाकायला बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेलेले. केरबांनी खुंटीवरची शिट्टी घेतली आणि आम्ही निघालो.

तो मैल मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. चिखल, एक चप्पल अडकून राहिलेली, पुढे ते घोंगड्यातले केरबा, दोनदा गुडघ्यावर पडलेले. मी सारखी नदीकडे बघत होते. नदी रोजच्यासारखी होती. फरशीच्या वर टाचभर पाणी, गढूळ, शांत. मनात येत होतं, कदाचित माझी वजाबाकी चुकली असेल, कदाचित खरंच दोनशे सेहेचाळीस असेल. आणि लगेच येत होतं, बेचाळीस. मला आता तो शब्द स्पष्ट ऐकू येत होता.

फरशीच्या अलीकडे पोचलो तेव्हा पलीकडच्या उतारावरून मुलं येत होती. पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेली, एकमेकांना ढकलत. त्यांत क्षमाची पिवळी ओढणी मी लगेच ओळखली. मी हात वर केला, हाक मारायला तोंड उघडलं.

केरबांनी माझा दंड धरला. दोन वर्षांत त्यांनी मला कधी स्पर्श केला नव्हता.

“वैनी, तुमी त्या करंजाच्या झाडामागं व्हा.”

“काय?”

“पोरीनं आईला बघितलं तर ती पळत यील. थांब म्हटलं तरी यील. तुमी दिसू नका.”

मला कळलं. आणि मी गेले. माझ्या हातून त्या दिवशी एकच गोष्ट बरोबर झाली असेल तर ती ही. करंजाच्या खोडाला पाठ लावून मी उभी राहिले. मला नदी दिसत नव्हती, मूल दिसत नव्हतं. शिट्टी ऐकू आली. तीनदा, मग पुन्हा तीनदा. मग केरबांचा आवाज, तापातला, फाटका, पण कवायतीवरचा : “जागच्या जागी थांब. मागं फिर. वर चल.” एका मुलाचा हसण्याचा आवाज आला. कुणीतरी त्यांची नक्कल केली. “मागं फिर,” पुन्हा आवाज. शिट्टी. मग शिट्टी बंद झाली, आणि काहीच ऐकू येईना.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मी सतराचा पाढा म्हणू लागले होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं. सतरा नव्वे त्रेपन्नासे म्हणताना पायाखालची जमीन किंचित हलल्यासारखी वाटली. मला आधी वाटलं, भूकंप. मग आवाज आला, दूरवर खडीचा ट्रक रिकामा होत असल्यासारखा, आणि तो थांबेना.

“या आता,” केरबा ओरडले.

मी बाहेर आले तेव्हा फरशी नव्हती. तांबडं पाणी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, त्यावर ओंडके, एक आख्खं झुडूप मुळासकट. पलीकडे उतारावर, बरंच वर, मुलं घोळक्यानं उभी होती. आता कुणी कुणाला ढकलत नव्हतं.

“किती पोरं जात्यात रोज?” केरबांनी विचारलं.

“बारा.”

मी मोजली. अकरा. पिवळी ओढणी दिसेना. पुन्हा मोजली, अकराच.

“मी बारा मोजली,” केरबा म्हणाले.

“अकरा आहेत.”

“वैनी, डावीकडनं मोजली का?”

“हो.”

“मग उजवीकडनं मोजा.”

मी उजवीकडून मोजायला लागले. पाण्याच्या आवाजात मला माझेच आकडे ऐकू येत नव्हते. सहाव्या आणि सातव्या मुलाच्या मध्ये, दोघांच्या पायांशी कुणीतरी उकिडवं बसलं होतं. ओढणी डोक्यावरून काढून पिळत होतं. ती क्षमा होती. बारा.

गावातली माणसं आली आणि मुलांना शाळेकडे घेऊन जाऊ लागली. मी आणि केरबा काठावरच्या दगडावर बसलो. त्यांच्या दातांवर दात आपटत होते. मी माझा पदर त्यांच्या घोंगड्यावर टाकला, तर त्यांनी तो बाजूला सारला.

“हवालदार,” मी म्हटलं, “आपला हिशोब चुकला असता, पाणी आलंच नसतं, तर?”

“तर पोरं उगंच थांबली आसती. तासाभरानं घरी येऊन जेवली आसती.”

“आणि चूक केलेली असून मोठा ताळा जुळला असता तर? दहा लाखातला तो एक?”

 गुडघ्यावर हात टेकून ते उठले, आणि पलीकडे चढण चढणारी मुलं पुन्हा एकदा मोजू लागले.